आधी टिकीट, मग पासपोर्ट! बारावीनंतरच्या परदेशवारीत या चुका टाळा

एप्रिल-मे उजाडला की माझ्या ऑनलाइन सेंटरवर आठवड्याला एक तरी बाप येतो. मागे बारावीची परीक्षा संपवलेलं पोट्टं, मोबाइलमध्ये मान घातलेलं. पुढचं बोलणं मला पाठ आहे.

"भाऊ, याले फॉरेन दाखवाचं हाये. टिकीट काढून टाकलं."

"पासपोर्ट?"

"त्याच्यासाठीच तं आलो नं बाप्पा."

धामणगाव रेल्वेजवळच्या एका गावात माझं सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती आणि गेली काही वर्षं पासपोर्टचे फॉर्म. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः मुलीला बारावीनंतर सिंगापूर-मलेशिया दाखवून आणलं. खालच्या काही चुका माझ्याच खात्यावर आहेत, तेव्हा कोणी रागावू नये.

स्वस्तातलं टिकीट पाहून हात शिवशिवतो, हे मला कळतं. पण ते स्वस्त असतं तेच मुळी रद्द केलं तर जवळजवळ काही परत मिळत नाही म्हणून. "तत्काळमधून पासपोर्ट करून टाकू" हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. तत्काळचे दोन हजार जास्तीचे भरून रांग छोटी होते, कागदातली चूक दुरुस्त होत नाही. आणि खरी गोम कागदातच असते.

नावाचा घोळ

पासपोर्टच्या फॉर्मात नावाचे रकाने दोन. एकात स्वतःचं नाव (आपल्याकडे त्यालाच जोडून वडिलांचं लिहितात), दुसऱ्यात आडनाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर मात्र नाव सुरूच आडनावापासून होतं. आता घाईतल्या माणसानं गुणपत्रिका समोर ठेवून वरून खाली टाइप करत गेलं की काय होईल?

तेच एका कापूसवाल्या शेतकऱ्याच्या मुलाचं झालं. फॉर्म पुण्याच्या आतेभावानं मोबाइलवर, बसमध्ये बसून भरला. मुलाचं नाव आडनावाच्या रकान्यात गेलं, आडनाव नावाच्या. नागपूरला केंद्रात स्क्रीन दाखवून विचारलं तेव्हा बापलेक दोघंही "बरोबर आहे साहेब" म्हणाले. साहेबासमोर आपल्याकडे सगळंच बरोबर असतं. पोस्टानं पासपोर्ट आला. त्याला हळदकुंकू लागलं आणि तो कपाटात गेला. दोन महिने कोणी उघडून वाचला नाही. मग व्हिसाचा फॉर्म भरायला ते माझ्याकडे आले. मी पहिलं पान उघडलं आणि बराच वेळ नुसताच बसलो. टिकीट गुणपत्रिकेप्रमाणे, पासपोर्ट उलटा, आधारवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. पुन्हा दीड हजार, पुन्हा नागपूर, पुन्हा पोलिस व्हेरिफिकेशन. पासपोर्ट सुधारून आला तेव्हा विमान कधीचंच उडून गेलं होतं. टिकिटाचे पैसे बुडाले ते बुडालेच. पोरगा नंतर मामाकडे चिखलदऱ्याला जाऊन आला.

स्पेलिंगचा रोग तर घरोघरी आहे. वानखडे की वानखेडे, इंग्रजीत ए की ई, देशमुखच्या शेवटी एच आहे की नाही. बापाच्या आधारवर एक, मुलाच्या टीसीवर दुसरं. मराठीत चालून जातं, विमानतळावर चालत नाही. माझी सवय सांगतो: आधार, टीसी, गुणपत्रिका आणि पॅन टेबलावर ओळीनं मांडायचे, फॉर्मची प्रिंट काढायची आणि पेन्सिल घेऊन एकेक अक्षर मोठ्यानं वाचायचं. बापाचा फॉर्म मुलानं वाचायचा, मुलाचा बापानं. स्वतःचं नाव स्वतः वाचताना डोळा चूक गिळतो. जिथं फरक दिसेल तिथं आधी आधार सुधारायचा, मगच पासपोर्टला हात लावायचा. यात महिना जातो. जाऊ द्या.

आडनावाचा रकाना कोरा सोडणारेही भेटतात. नुसत्या एका नावाच्या पासपोर्टवर दुबईसारख्या ठिकाणी पर्यटक म्हणून जाताना अडवतात, २०२२ च्या नोव्हेंबरपासून यूएईचा तसा नियम आहे.

आणखी एक. मुलगा पंधराचा असताना पासपोर्ट काढला असेल तर त्याची मुदत बघा. अठराच्या आतल्याचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल ते. पंधरा ते अठरा वयात एक हजाराऐवजी दीड हजार भरून दहा वर्षांचा घेता येतो, पण पाचशे वाचवायचे म्हणून कोणी घेत नाही. मग बारावीच्या सुट्टीत कळतं की पासपोर्ट वाढदिवसाला मरतो. बऱ्याच देशांना प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने मुदत शिल्लक लागते.

सोयऱ्याचे चार लाख

ही चूक मला सगळ्यात जास्त चीड आणते, कारण ती करणारे स्वतःला हुशार समजतात.

शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून आपल्या शेतकऱ्यानं आयुष्यात कधी आयकर विवरणपत्र भरलेलं नसतं. युरोपच्या व्हिसाला मागतात विवरणपत्रं आणि बँकेचं स्टेटमेंट. आमच्याकडच्या एका गृहस्थांना मुलीला स्वित्झर्लंड दाखवायचं होतं. माणूस खाऊनपिऊन सुखी, पंधरा एकर ओलिताची. पण खात्यात अकरा हजार, कारण पैसा कृषी केंद्रवाल्याकडे, सोन्यात आणि नव्या बोअरमध्ये. कोणीतरी अक्कल दिली, "साळ्याकडून चार लाख टाकून घ्या, व्हिसा झाला की परत करा." अर्जाच्या आठ दिवस आधी पैसे आले. व्हिसा नाकारला. खर्चाची ऐपत सिद्ध होत नाही, असं कारण. माणशी ९० युरोची फी गेली, मुंबईची खेप गेली आणि मुलीच्या नावावर अठराव्या वर्षी एक नकार लागला, जो पुढं बऱ्याच देशांच्या व्हिसा फॉर्ममध्ये सांगावा लागतो.

अहो, तिथं बसलेला माणूस रोज असे शंभर कागद बघतो. अकरा हजाराच्या खात्यात एका दुपारी चार लाख उतरले तर ते कुठून आले हे त्याला न सांगता कळतं.

याला शॉर्टकट नाही. कापूस-सोयाबीनचा पैसा खात्यात येऊ द्या आणि निदान सहा महिने तिथं हलता-बोलता दिसू द्या. बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या जपून ठेवा. त्या पट्टीवरचा आकडा आणि खात्यात पडलेला आकडा जुळला की तो कागद बोलतो. सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. उत्पन्न शेतीचंच असलं तरी विवरणपत्र भरता येतं, ते भरायला लागा. टूर पॅकेजवर टीसीएस नावाचा कर कापतात, तो परत मागायचा तरी विवरणपत्रच लागतं.

आणि एवढी तयारी नसेल तर पहिल्याच खेपेला युरोप काहून? मलेशियानं २०२३ च्या डिसेंबरपासून भारतीयांना तीस दिवस बिनव्हिसा यायला मोकळीक दिली. व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलरला घरबसल्या मिळतो. नियम बदलत असतात, टिकिटाआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा बघून घ्यायचं. तिकडे जाऊन या, पासपोर्टवर दोन शिक्के पडू द्या, मग बर्फ बघा.

बाकीच्या, थोडक्यात

सिंगापूर, मलेशिया, थायलंड इथं जाण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-पत्रक भरावं लागतं. ते फुकट आहे. माणशी पाचशे घेणाऱ्या संकेतस्थळांवर भरू नका, माझ्याकडेही भरू नका, मुलाला सांगा.

मूल अठराच्या आत आणि सोबत एकच पालक असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र ठेवा. वडील हयात नसतील तर मृत्यूच्या दाखल्याची इंग्रजी प्रत आईनं पर्समध्येच ठेवावी. ऐनवेळी परक्या माणसासमोर ते तोंडानं सांगावं लागणं वाईट.

सिंगापूरहून मलेशिया करून परत सिंगापूरलाच उतरणार असाल तर व्हिसा एकदाच आत येण्याचा आहे की अनेकदा, ते वाचा.

डेबिट कार्ड परदेशात आपोआप चालत नाही, ते बँकेत सांगून किंवा अ‍ॅपमधून चालू करावं लागतं. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, सामानात नाही.

तारखांचं जरा सविस्तर. मृग लागला की शेतकरी बापाचं चित्त विमानात राहत नाही. पेरणी सोडून जाणारा माणूस सिंगापूरच्या मर्लायनसमोर, त्या सिंहाच्या तोंडाच्या पुतळ्यापुढं, उभा राहून गड्याला फोन लावतो. आणि जून-जुलैत मुलाच्या प्रवेशाच्या कॅप फेऱ्या. आमच्या ओळखीतल्या एका मुलीची पसंतीक्रम भरायची शेवटची तारीख आली तेव्हा बापलेक थायलंडात. ओटीपी जाणार बापाच्या नंबरवर आणि बापानं बिल वाढेल म्हणून सिम काढून खिशात ठेवलेलं. फेरी हुकली. तेव्हा एक तर सीईटी संपल्यावर निकालाच्या आत जाऊन या, नाही तर सरळ दिवाळी. आणि नेट घेऊ नका हवं तर, पण एसएमएस येईल एवढं रोमिंग त्याच नंबरवर चालू ठेवा.

आता माझी स्वतःची. मुंबईहून दुपारी दोनचं विमान आणि आम्ही आदल्या रात्रीच्या गाडीनं निघालो, एका लॉजचे पैसे वाचवायला. सकाळी कसाऱ्याच्या घाटाआधी गाडी अडीच तास उभी. मुलगी एक शब्द बोलली नाही, फक्त दर पाच मिनिटांनी मोबाइलवरचा नकाशा माझ्यासमोर धरायची. दादरला उतरून टॅक्सीनं पोचलो तेव्हा काउंटर बंद व्हायला दहा मिनिटं होती. तिच्या एका चपलेचा पट्टा तुटलेला, तो तसाच सिंगापुरात उतरला. एक दिवस आधी मुंबईत पोचा. लॉजचे दोन हजार हा टिकिटाचाच भाग धरा.

खाण्याचं राहिलं. विदर्भातला माणूस डब्याशिवाय निघत नाही, आणि खर्र्याशिवाय तर नाहीच. सिंगापुरात खर्रा नेता येत नाही, चघळायच्या तंबाखूला बंदी आहे. च्युइंगमसुद्धा नाही. एवढं लोकांना सांगून ठाऊक झालंय. ठाऊक नसते ती खसखस. ती अफूच्या झाडाचं बी, म्हणून सिंगापूर आणि यूएई दोन्हीकडे निषिद्ध. आमच्या घरच्यांनी अर्धा किलो सावजी मसाला कुटून, दोन पिशव्यांत बांधून, वर रबर लावून बॅगेत ठेवला होता. निघायच्या आदल्या रात्री मुलगी सिंगापूरचे नियम वाचत बसली होती, तिनं तिथूनच विचारलं, "आई, मसाल्यात खसखस घातली काय?" रात्री अकराला पिशव्या सोडल्या. मसाला शेजारी गेला, आम्ही ठेचा आणि शेंगदाण्याच्या चटणीवर भागवलं.

आता गावातलं कोणी निघालं की आमच्याकडून बिनखसखशीचा मसाला कुटून जातो. त्याची बरणी वेगळी आहे. तिच्यावर मुलीनं मार्करनं लिहून ठेवलंय: विमानाचा.