दहावीचं विज्ञान: व्हिडिओवर काय द्यायचं आणि वर्गातच काय करायचं

ब्लेंडेड लर्निंग, म्हणजे थोडं ऑनलाइन आणि थोडं वर्गात शिकवणं, म्हटलं की बऱ्याच शाळांत एवढंच होतं, सकाळी जो धडा शिकवला त्याचीच लिंक संध्याकाळी ग्रुपवर टाकायची. मग मुलं काय करतात, वर्गात लक्ष देत नाहीत कारण लिंक येणारच आहे आणि लिंक बघत नाहीत कारण वर्गात झालंच आहे. तेव्हा पहिली गोष्ट, एकच गोष्ट दोनदा शिकवू नका. जे थांबवून, मागे नेऊन परत ऐकता येतं ते ऑनलाइन द्या. जिथे मुलाचा हात चालायला हवा आणि चुकलं की तिथल्या तिथे कोणीतरी बघायला हवं, ते वर्गात ठेवा.

दहावी विज्ञान भाग १ मधलं प्रकाशाचं अपवर्तन, म्हणजे माध्यम बदलताना किरणाची दिशा बदलणं, घ्या. आपाती किरण (येऊन पडणारा), स्तंभिका (पृष्ठभागाला लंब रेषा), अपवर्तित किरण (आत गेल्यावर वळलेला), विरल माध्यमातून घन माध्यमात जाताना किरण स्तंभिकेकडे झुकतो, एवढं व्हिडिओवर. पाच-सहा मिनिटं बास, आणि एका व्हिडिओत एकच मुद्दा. रेकॉर्डिंगसाठी खिडकीजवळ टेबलावर पुस्तकांच्या दोन थप्प्या, त्यांच्यावर मोबाइल आडवा, खाली कोरा कागद आणि जाड मार्कर. मुलं नेट वाचवायला ३६०पी अशा कमी क्वालिटीवर बघतात, त्यामुळे बारीक पेनाने काढलेलं काही दिसत नाही. चेहरा दिसायची गरज नाही पण आवाज तुमचाच असू द्या, आपल्या सरांचा, बाईंचा आवाज आहे म्हटल्यावर मुलं जास्त ऐकतात. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोडही वापरा, फक्त देण्याआधी स्वतः पूर्ण बघा.

दुसरं म्हणजे वेळ. कितीतरी घरांत फोन एकच, तोही वडील कामावरून आले की मिळतो, म्हणून आज टाकला आणि उद्या तास असं करू नका, मध्ये दोन संध्याकाळी तरी मिळू देत.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, व्हिडिओ आणि तास यांचा सांधा. "बघितला का रे?" विचारलंत तर अख्खा वर्ग हो म्हणणार. त्याऐवजी व्हिडिओच्या शेवटी एक प्रश्न ठेवा आणि उत्तर वहीत आकृती काढून आणायला सांगा. उदाहरणार्थ, किरण काचेवर अगदी लंब पडला तर वाकेल का? बरीच मुलं तिथेही वाकलेला किरण काढून आणतात, कारण काच आली की वाकायचं एवढंच डोक्यात बसलेलं असतं. दारातच वह्यांवर नजर टाका, आज कशावर बोलायचंय ते तुम्हाला तिथेच कळेल.

मग तासाला हात वर करून मत घ्या, वाकेल की नाही, पण उत्तर लगेच सांगू नका. दोन मिनिटं शेजारच्याला पटवून द्यायला सांगा आणि परत मत घ्या. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून फिजिक्सच्या वर्गात हीच पद्धत वापरली, आणि आपल्याकडच्या साठ पोरांच्या वर्गातही ती करता येते, साहित्य काहीच लागत नाही. वर्गात गोंगाट होईल, होऊ द्या.

उरलेला वेळ प्रयोग, काचेची जाड चीप आणि टाचण्या लावून किरणाचा मार्ग काढायचा. चार-पाच जणांचा गट करा, आणि तुम्ही फळ्याजवळ न थांबता गटागटातून फिरा. मुलं चिपेतून बघताना टाचण्यांची डोकी एका रेषेत आणतात, टाचणी जरा तिरकी असली की रेषा चुकते, डोक्यांऐवजी कागदाजवळची टोकं जुळवायची हे प्रत्येकाला त्याच्या जागेवर वाकून दाखवावं लागतं. शेवटी आपाती आणि निर्गत (चिपेतून बाहेर पडणारा) किरण समांतर आले नाहीत तर टाचण्या परत लावायला सांगा. हे काम कुठलाही व्हिडिओ करू शकत नाही, त्यासाठीच तर आपण तास मोकळा केला.

ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांचं आधी ठरवा, नंतर नाही. पेनड्राइव्हवर व्हिडिओ घेऊन कॉम्प्युटर रूम शाळा भरायच्या आधी अर्धा तास उघडी ठेवा, किंवा शेजारी राहणाऱ्या मुलांच्या जोड्या लावा. आणि ज्याने बघितलाच नाही त्याला मागच्या बाकावर टॅब देऊन बघायला बसवा, मग गटात येऊ दे, रागावू नका. पण त्याच्यासाठी सगळ्या वर्गाला पहिल्यापासून शिकवायला घेऊ नका, नाहीतर जी मुलं बघून आली त्यांना वाटतं उगाच बघितलं, आणि पुढच्या वेळी तीही बघून येत नाहीत.

सगळी प्रकरणं अशी करायला जाऊ नका, सहामाहीत दोन पुरे. गुरुत्वाकर्षणाची गणितं असतील तर एक सोडवलेलं व्हिडिओवर, बाकीची मुलांनी वर्गात तुमच्यासमोर सोडवायची.

व्हिडिओ फक्त ग्रुपवर ठेवू नका, गुड मॉर्निंगच्या मेसेजांखाली ते गडप होतात. ड्राइव्हवर प्रकरणानुसार फोल्डर करा आणि "प्र ६ अपवर्तन १" असं साधं नाव द्या. आजारपणामुळे, स्पर्धेमुळे नाहीतर शेतातल्या कामामुळे तास बुडालेल्या पोरांना ते लगेच सापडतं, आणि प्रॅक्टिकल जवळ आलं की बाकीचीही तिथेच शोधायला येतात.