पाळी जातानाच्या वाफा आणि रात्रीचा घाम : या चुका टाळा

पहिली चूक नावातच आहे. 'उष्णता वाढलीय' म्हणायचं आणि सब्जा, गुलकंद, तळपायाला एरंडेल सुरू करायचं. मीही वर्षभर तेच केलं. सब्ज्याने तोटा काही नाही, पण अंगात उष्णता साठलेली नसतेच. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घटलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. अर्ध्या अंशाहूनही कमी फरक पडला तरी ते घाम सोडतं. छाती, मान, चेहरा तापतो, चार-पाच मिनिटांत ओसरतो आणि मागोमाग हुडहुडी भरते, कारण तोवर शरीराने गरजेपेक्षा जास्त ऊब बाहेर टाकलेली असते.

रात्रीचा घोळ या हुडहुडीमुळेच होतो. घामाने जाग आली की पंखा पाचवर, एसी अठरावर, आणि ओल्या गाऊनमध्येच आडवं व्हायचं. दहा मिनिटांत कुडकुडत रजई ओढायची, रजईत तापलं की पुढची वाफ! माझ्या उशाशी आता कोरडा सुती गाऊन आणि पंचा घडी करून असतो. दिवा न लावता बदलते, झोप पुरती मोडत नाही. जाड रजईऐवजी दोन पातळ चादरी घेते. गादीवर प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर काढाच, पाठीखाली घाम साचतो.

चहा, तिखट सगळं एकदम बंद करू नका. आठवडाभर वहीत लिहा : वाफ कधी आली, त्याआधी काय खाल्लं-प्यालं. काहींना संध्याकाळचा चहा बाधतो, काहींना काहीच नाही.

'हर्बल आहे, अपाय नाही' म्हणून महागड्या गोळ्या घेण्याआधी विचार करा. त्यांचा भरवशाचा पुरावा तोकडा आहे. उलट हार्मोनच्या औषधांना बायका उगाच घाबरतात. ही भीती 2002 सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासातून पसरली, आणि त्यातल्या बायकांचं सरासरी वय होतं 63. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, यकृताचा आजार असं काही नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारायला हरकत नाही. मात्र मैत्रिणीची चिठ्ठी वापरू नका. तिचं गर्भाशय काढलेलं असेल तर तिला नुसतं इस्ट्रोजेन चालतं. तुमचं असेल तर जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन हवंच, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं. हार्मोन चालत नसतील तर बिनहार्मोनची औषधंही आहेत. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन हे औषध चालू असेल तर ते आधी सांगा, त्यातल्या काहींशी त्याचं जमत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्रत्येक घाम पाळीच्या खात्यात टाकणं. संध्याकाळी कणकण, खोकला, वजन उतरतंय? क्षयाची तपासणी करा. छाती धडधडते, हात थरथरतात? थायरॉइड बघा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर घाम फुटल्या फुटल्या, गाऊन बदलायच्याही आधी, ग्लुकोमीटरवर साखर पाहा. आणि पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एखादा डाग जरी दिसला, तरी 'परत आली वाटतं' म्हणून सोडू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.