आमवाताची गोळी: सूत्र परदेशातलं, पेशंट इथला. या चुका टाळा

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपला आमवात. त्यावर पहिलं औषध मेथोट्रेक्सेट, असं युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटना सांगतात आणि ते इथेही खरं आहे. घोळ होतो तो चिठ्ठी घरी पोचल्यावर.

जिवावर बेतणारी पहिली चूक: मेथोट्रेक्सेटची आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी रोज घेणं. एक मावशी आल्या तेव्हा तोंड आतून सोललेलं, पाण्याचा घोटही गिळवत नव्हता. पिशवीतून पाकीट काढलं, तर आठ दिवसांत आठ गोळ्या संपलेल्या. चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा असं लिहिलं होतं, पण इंग्रजीत, आणि घरात ते वाचणारं कुणी नव्हतं. त्यात दुष्परिणाम कमी करायला सोबत दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही तशीच बारीक, पिवळी. त्यांना लगेच दाखल करावं लागलं.

तेव्हापासून मी वार मराठीत लिहिते आणि तो पेशंटलाच निवडायला लावते. बाजाराचा वार सहसा कुणी विसरत नाही. फॉलिक अ‍ॅसिडला दुसरा वार, आणि एका वेळी चार आठवड्यांच्याच गोळ्या. चुकून जास्त गेली, तर त्रास होण्याची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

"तीन आठवडे झाले, गुण नाही," म्हणून औषध सोडू नका. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर दुखणं आवरायला स्टिरॉइड देतात, ते थोड्याच दिवसांसाठी. जुनी चिठ्ठी दाखवून तीच गोळी वर्षभर आणत राहिलं की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. 'दोन दिवसांत आराम' देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही अनेकदा स्टिरॉइडच निघतं. मात्र बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड एकदम बंद करू नका. डॉक्टरांकडून मात्रा हळूहळू उतरवून घ्या.

आमवातावरच्याच हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या दुसऱ्या गोळीची मात्रा वजनावर ठरते: दिवसाला किलोमागे 5 मिलिग्रॅमपर्यंत. रोज 400 हा हिशेब 80 किलोच्या माणसाचा. आपल्या 42 किलोच्या बाईंना 210 च्या वर नको, नाहीतर पुढे डोळ्यांच्या पडद्याला धोका. म्हणून आधी वजनकाटा, मग पेन.

गोळ्यांनी भागत नाही तेव्हा देतात ती महागडी बायोलॉजिक इंजेक्शनं सुरू करण्याआधी टीबीची तपासणी टाळू नका. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, आणि ही इंजेक्शनं अंगात दबून राहिलेला टीबी जागा करू शकतात. नुसत्या मॉन्टूवर, म्हणजे हातावर टोचून करतात त्या टीबीच्या तपासणीवर, विसंबू नका. स्टिरॉइड चालू असेल तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. छातीचा एक्स-रे आणि आयजीआरए ही रक्ततपासणीही करा. दबलेला टीबी सापडला तर आधी निदान महिनाभर प्रतिबंधक औषध, मग इंजेक्शन. नंतरही ताप रेंगाळला, वजन उतरलं किंवा गाठ आली, तर खोकल्याची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

आणि प्रश्न इथले विचारा. रोजची कामं कितपत जमतात हे मोजणाऱ्या परदेशी प्रश्नावलीत खुर्चीवरून उठता येतं का, बाथटबमध्ये उतरता येतं का, असं विचारतात. तिच्या भारतीय आवृत्तीत मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं आलं, ते याचसाठी. "बरं आहे" म्हणणाऱ्या आजींना मी विचारते, "संडासला बसता येतं का? पिळा घट्ट पिळला जातो का?" पुष्कळदा त्या मान खाली घालतात, आणि मग औषधाची मात्रा पुन्हा बघावी लागते.