31 इंची टायर टाकल्यावर जुनी जीप चढावर दम तोडते? माझा अनुभव

इंदूरहून खंडव्याकडे जाताना भेरूघाटात आमची जुनी डिझेल जीप टॉप गिअर धरतच नव्हती, तिसरा टाकला तरी इंजिन घुसमटायचं, आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवायचा. डिझेल फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, क्लच प्लेटही नवी, फरक शून्य. डोकं पार फिरलं होतं.

मग मिस्त्रींनी मागच्या डिफरेन्शियलचं (अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा डबा) कव्हर उघडून दात मोजले, क्राऊनचे (मोठं गिअर) 39, पिनियनचे (त्याला फिरवणारं छोटं गिअर) 8, म्हणजे गिअर रेशो 4.88. जुने टायर 28 इंची, नवे 31. टायर मोठा झाला की रेशोही त्याच प्रमाणात वाढवावा लागतो. हिशोब सोपा: 4.88 गुणिले 31 भागिले 28, आलं 5.40. बाजारात त्याच्या सगळ्यात जवळचा क्राऊन-पिनियन सेट 43/8, म्हणजे 5.38.

आता क्रम. आधी पुढचा आणि मागचा दोन्ही सेट हातात घ्या, मगच गाडी खोला, कारण एकच अ‍ॅक्सल बदलून फोर-व्हील टाकलात तर ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) वाट लागते. क्राऊन-पिनियन जोडीनंच घ्यायचे, सुटे नाही. नवे बेअरिंग, मग शिम (पातळ चकत्या) लावून पिनियनची खोली, मग डायल गेज (बारीक अंतर मोजायचं घड्याळ) लावून मॅन्युअलप्रमाणे बॅकलॅश (दातांमधली मोकळीक). दातांना मार्किंग पेस्ट लावून फिरवा, ठसा दाताच्या मधोमध यायला हवा, आमचा टोकाला येत होता म्हणून शिम परत बदलले (इथे मिस्त्रीला घाई करू देऊ नका). शेवटी 80डब्ल्यू-90 जीएल-5 गिअर ऑइल, सुरुवातीला लोड न टाकता हळू चालवून मग ऑइल बदललं.

आता घाट तिसऱ्यात आरामात चढते, स्पीडोमीटरही जवळपास बरोबर.