जुना वस्तरा: पारखण्यापासून धार लावण्यापर्यंत

सलूनमध्ये अर्धे ब्लेड बसवायची पद्धत रुळली आणि न्हाव्याच्या धोकटीतला अखंड पोलादी वस्तरा अडगळीत गेला. रक्तातून पसरणाऱ्या आजारांचा विचार करता हा बदल योग्यच होता. पण त्यामुळे इंग्लंडमधल्या शेफील्डचे आणि जर्मनीतल्या झोलिंगेनचे उत्तम पोलाद आज मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कुलपे, अडकित्ते आणि तुटक्या चष्म्यांच्या ढिगात पडलेले सापडते. असा वस्तरा ओळखून घ्यायचा, त्याची डागडुजी करायची आणि पुन्हा दाढीच्या लायकीचा करायचा, हे घरच्या घरी शिकता येण्याजोगे काम आहे. ते करताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते: पात्यावरून घासून काढलेले पोलाद परत येत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर आधी सर्वांत सौम्य उपाय करून पाहावा.

विकत घेण्यापूर्वी

बाजारात जाताना दहापट मोठे दाखवणारे भिंग, छोटी बॅटरी आणि शक्य असल्यास व्हर्नियर कॅलिपर सोबत ठेवावा. वस्तरा हातात आल्यावर नजर प्रथम नावाकडे जाते. ती आवरून आधी धारेकडे न्यावी. धारेपासून पाठीच्या दिशेने चढत गेलेली केसासारखी बारीक रेघ दिसली, तर ती बहुधा तडा असते. तडा गेलेले पाते दाढीसाठी कायमचे बाद समजावे. धारेला एखाद्या मिलिमीटरचा खांडा असेल तर तो घासून काढता येतो. गंजाचे मात्र ठिकाण महत्त्वाचे. पाठीजवळचे काळे डाग निरुपद्रवी असतात. धारेच्या लगत खोल खड्डे असतील, तर धार लावायच्या दगडावर धार मागे सरकत जाताना प्रत्येक खड्डा नवा खांडा होऊन उघडा पडतो.

पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांचे प्रमाण ही सर्वांत महत्त्वाची पाहणी आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण करत नाहीत. वस्तरा दगडावर पूर्ण आडवा टेकवून घासतात, म्हणजे पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला लागतात. त्यामुळे धारेचा कोन हाताच्या कौशल्यावर नव्हे, तर या दोन मापांवर ठरतो. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात सांगण्याची रीत आहे. पाच अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर रुंदीच्या पात्याची पाठ साडेचार मिलिमीटर जाड असेल, तर कोन साधारण १६ अंशांचा येतो आणि तो दाढीसाठी उत्तम असतो. वर्षानुवर्षे जोर देऊन घासल्याने पाठ साडेतीन मिलिमीटरवर आली असेल, तर कोन १३ अंशांच्याही खाली जातो आणि इतकी पातळ धार टिकत नाही. उलट पाठ शाबूत असताना पाते झिजून १२ मिलिमीटर उरले असेल, तर कोन २१ अंशांच्या पुढे जातो आणि वस्तरा केस कापण्याऐवजी ओढू लागतो. पाठीच्या दोन्ही बाजूंना घासल्याचे सपाट पट्टे दिसतात. ते सारख्या रुंदीचे असावेत. एक रुंद आणि दुसरा अरुंद असेल, तर पुढे धार लावताना बराच त्रास होतो.

आता छाप. शेफील्डमध्ये बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत वितळवलेले एकजीव पोलाद तयार केले आणि त्या शहराच्या वस्तऱ्यांची कीर्ती त्यावर उभी राहिली. जोसेफ रॉजर्सचा तारा आणि माल्टीज क्रूस, वोस्टेनहोमचे ‘आय एक्स एल’, वेड अँड बुचरचे भक्कम रुंद पाते ही नावे संग्राहकांच्या तोंडी कायम असतात. पात्यावर राजाची किंवा राणीची आद्याक्षरे असतील, तर काळाचा ढोबळ अंदाज येतो: ‘व्ही. आर.’ म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा काळ, १८३७ ते १९०१; ‘डब्ल्यू. आर.’ म्हणजे राजा चौथ्या विल्यमचा, १८३० ते १८३७. देशाचे नाव कोरलेले असेल, तर वस्तरा बहुधा १८९१ नंतरचा मानतात, कारण अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. ‘सिल्व्हर स्टील’ हे शब्द वाचून चांदीच्या आशेने जास्त पैसे मोजू नयेत. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे आणि सुऱ्या-कात्र्या बनवणारे जेम्स स्टोडार्ट यांनी १८२० च्या सुमारास पोलादात चांदी मिसळण्याचे प्रयोग केले होते खरे, पण पुढे ते बहुतांशी व्यापारी नावच राहिले.

झोलिंगेनचे वस्तरे सहसा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले किंवा त्यानंतरचे मिळतात. त्यांची पाती दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेली, इतकी पातळ असतात की नखाने हलकेच छेडल्यावर नाद उमटतो. नवशिक्याने पहिला वस्तरा हाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या शेफील्डच्या पाचरीसारख्या भरीव पात्यावर दगडाला बरेच पोलाद कापावे लागते आणि तिथे नव्या माणसाचा धीर सुटतो. शोभेसाठी बनवलेले, नक्षीदार पोलादाचे स्वस्त नवे वस्तरे तर टाळावेतच. त्यांतल्या पुष्कळांच्या पोलादाला नीट पाणी दिलेले (तापवून, थंड करून कडक केलेले) नसते आणि त्यांना कितीही धार लावली तरी ती टिकत नाही.

मुठीबाबत एक कायदेशीर खबरदारी घ्यावी. हस्तिदंत आणि कासवाच्या कवचाच्या मुठी असलेल्या वस्तऱ्यांच्या खरेदी-विक्रीला आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आड येतो. अशा वस्तूला हात न लावणे उत्तम. हस्तिदंतासारखी दिसणारी पुष्कळशी मूठ प्रत्यक्षात सेल्युलॉइड या जुन्या काळच्या प्लास्टिकची असते. तिच्यावरच्या रेषा सरळ आणि समांतर असतात, तर खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. सेल्युलॉइड अंगठ्याने जोरात चोळून गरम केले की कापराचा वास येतो.

स्वच्छता आणि गंज

घरी आणल्यावर वस्तरा कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश यांनी घासून लगेच कोरडा करावा. नंतर पाते सत्तर टक्के स्पिरिटने भरपूर भिजवून दहा मिनिटे ओले ठेवावे. ब्लीच वापरू नये, ते पोलाद खाते. दुरुस्तीच्या काळात धारेवर चिकटपट्टी लावून ठेवावी. बोथट वाटणारा जुना वस्तराही बोट कापतो.

यानंतर मूठ काढायची की नाही, हे ठरवावे. खिळी घट्ट असतील, मूठ सरळ असेल आणि गंज वरवरचा असेल, तर मूळ खिळींना हात लावू नये. पाते मिटल्यावर मुठीला घासत असेल, सांध्यात गंज दडला असेल किंवा मूठ तडकली असेल, तरच ती सोडवावी. सेल्युलॉइड कुजत असेल, तर मात्र थांबू नये: पात्याचा मुठीत झाकला जाणारा भागच तेवढा गंजलेला दिसतो, मूठ आतून ढगाळ होते, आणि तिच्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ शेजारच्या वस्तऱ्यांनाही गंजवते. ती मूठ काढून वेगळी करावी आणि आगीपासून दूर ठेवावी, कारण सेल्युलॉइड झटकन पेटते.

खीळ काढण्यासाठी तिचे ठोकलेले डोके बारीक कानशीने सपाट करावे, बरोबर मध्यावर खूण करून बारीक ड्रिलने थोडे पोखरावे आणि मग खीळ हलक्या हाताने ठोकून बाहेर काढावी. घाई केल्यास शिंग किंवा लाकूड भोकापाशी फुटते.

लाल गंजावर रॉकेल किंवा गंज सैल करणारे तेल सोडून रात्रभर ठेवावे आणि सकाळी सर्वांत बारीक स्टील वूलने पुसावे. बहुतेक वेळा एवढ्यानेच निम्मे काम होते. खाली उरलेला काळा, घट्ट थर हा लोहाचाच दुसरा ऑक्साइड असतो. तो पसरत नाही, आणि जुन्या पात्याला तो शोभतो, त्यामुळे तो ठेवावा असे मला वाटते. चकचकीत पाते हवेच असेल, तर ४०० पासून ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० पर्यंत वॉटर पेपर क्रमाने वापरावा (नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक; दगडांचेही तसेच). कागद बुचाच्या तुकड्याला गुंडाळावा, पाते लाकडी फळीवर सपाट टेकवावे आणि हात नेहमी पाठीकडून धारेच्या बाहेर न्यावा, धारेवर उलटा कधीही आणू नये. आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद घेऊ नये. शेवटी ब्रासोसारख्या धातूच्या पॉलिशने सुती कापडाने चोळावे. पात्यावर कोरीव अक्षरे किंवा सोनेरी मुलामा असेल, तर त्या जागी कागद आणि पॉलिश दोन्ही वर्ज्य. मुलामा काही घासण्यांत उडून जातो.

यंत्रावरच्या चाकाचा मोह फार होतो, पण वस्तऱ्याचे पोलाद साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून मऊ-कडकपणाचा मेळ साधलेले असते. चाकावर पातळ धार क्षणार्धात त्यापलीकडे तापते, पिवळट आणि मग निळी पडते, आणि निळा पडलेला भाग धार धरत नाही. उघड्या बोटांना सोसवणार नाही इतके पाते तापले, की थांबायचे.

मूठ शिंगाची असेल तर ती कोरडी पडून वाकते. गरम पाण्यात मऊ करून सपाट फळ्यांत दाबून ठेवली की सरळ होते, आणि नंतर तेल मुरवले की काळी तकाकी परत येते. नवी मूठ करायची असेल, तर शिसवी लाकूड कापायला आणि घासायला चांगले. दोन पट्ट्या एकत्र चिकटवून आकार द्यावा आणि भोके पाडूनच वेगळ्या कराव्यात, म्हणजे ती जुळतात. मुठीच्या सांध्यापासून दूरच्या टोकाला दोन पट्ट्यांच्या मध्ये निमुळता तुकडा बसवायचा असतो, त्यामुळे मूठ किंचित फुगीर होते आणि पाते मध्यावर मिटते. खिळीसाठी सुमारे दीड मिलिमीटर जाडीची पितळी तार घ्यावी, दोन्ही बाजूंना वॉशर घालावेत आणि लहान हातोडीने कडेकडेने टिचक्या मारत डोके पसरवावे. एका जोरदार ठोक्यात तार वाकते.

धार लावणे

दगड सपाट असल्याची खात्री आधी करावी: त्यावर पेन्सिलीने जाळी काढून काचेवर ठेवलेल्या ओल्या वॉटर पेपरवर घासावा, सगळ्या रेघा एकाच वेळी पुसल्या गेल्या की दगड सपाट. सुरुवात १००० नंबरच्या दगडाने करावी. पाते आडवे टेकवून धार पुढे ठेवून ढकलावे, परतताना पाते पाठीवरून उलटवावे, आणि दगड अरुंद असल्यास टाचेपासून (पात्याच्या मुठीकडच्या कोपऱ्यापासून) टोकापर्यंत तिरपे सरकवावे. जोर बोटांनी पाठीवर देऊ नये. पाठ नक्षीदार असेल किंवा फार झिजलेली असेल, तर तिच्यावर इलेक्ट्रिकल टेपचा एक थर लावावा.

हात कुठे चुकतो, हे दोन खुणांवरून कळते. एक म्हणजे धारेच्या कडेवर काळ्या मार्करची शाई लावून दोन-तीन वेळा पाते फिरवावे. जिथे शाई उरली, तिथे दगड पोहोचलेला नाही. दुसरी खूण ओल्या दगडावरच दिसते: धार दगडाला खरोखर लागली असेल, तर तिच्यापुढचे पाणी पात्यावर चढत येते आणि पाण्याची ती लाट संपूर्ण लांबीवर सारखी दिसते. ज्या भागात पाणी धारेखालून निसटते, तिथे धार अजून उघडीच झालेली नसते. या दगडावर लागेल तेवढा वेळ द्यावा. टाचेपासून टोकापर्यंत प्रत्येक भागाने हातावरचा केस त्वचेलगत कापला, म्हणजे पाया झाला. तो कच्चा राहिल्यास पुढचे महागडे दगड काहीही करू शकत नाहीत, आणि ‘धार येत नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण बहुधा इथेच असते.

नंतर ३००० ते ४०००, ८००० आणि शक्य असल्यास १२००० नंबरच्या दगडावर, दर टप्प्याला दाब कमी करत, अखेरीस केवळ वस्तऱ्याच्या वजनावर पाते फिरवावे. बेल्जियममधल्या आर्डेन प्रदेशातला पिवळसर कोटिक्यूल हा नैसर्गिक दगडही शेवटच्या टप्प्यासाठी नावाजलेला आहे.

दगडानंतर पट्टा. आधी जाड सुती किंवा लिननच्या पट्टीवर वीस-तीस, मग चामड्यावर पन्नास-साठ फेऱ्या माराव्यात. इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. पट्टा ताणलेला असावा आणि पाते पाठीवरच उलटवावे. घाईत धारेवर उलटले, तर चामडे कापले जाते आणि धार मुडपते. दाढी करताना त्वचा ताणून धरावी, पाते तिच्याशी साधारण तीस अंशांत ठेवावे आणि पहिले काही दिवस फक्त गालावर चालवावे. आपला वस्तरा दुसऱ्या कोणालाही वापरायला देऊ नये.

प्रत्येक वापरानंतर पाते आणि मुठीतली फट पूर्ण कोरडी करावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात एका रात्रीत धारेवर ठिपके उठतात, म्हणून पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. खोबरेल किंवा गोडेतेल कालांतराने चिकट होते. वस्तरा चामड्याच्या म्यानात ठेवू नये, चामडे ओल धरून ठेवते; सिलिका जेलची पुडी टाकलेला झाकणाचा डबा चांगला, आणि सेल्युलॉइडच्या मुठीचे वस्तरे त्यात इतरांबरोबर न ठेवता हवा खेळेल अशा जागी वेगळे ठेवावेत.