सिडनीत चालायला एकच दिवस असेल तर
बाँडाय ते कूजी या प्रसिद्ध किनारी वाटेच्या गर्दीत न शिरता स्पिट ब्रिज ते मॅनली ही वाट धरा. साधारण 10 किलोमीटर, रमतगमत 4 तास. झाडी, खाडीकिनारा आणि वस्ती, तिन्ही एकाच वाटेवर. सुरुवात स्पिटकडूनच करा, म्हणजे शेवटी मॅनलीला पोहणं, खाणंपिणं आणि परतीला शहरातल्या ‘सर्क्युलर की’ धक्क्याची फेरीबोट मिळते. उलट गेलात तर शेवटी नुसता बसस्टॉप! वाटेतल्या क्लॉन्टार्फ किनाऱ्यावर बाटल्या भरून घ्या, पुढच्या झाडीत पाण्याची आशा धरू नका. क्लॉन्टार्फच्या वाळूवर भरतीला पाय भिजू शकतात, तेव्हा ओहोटीची वेळ बघून निघालेलं बरं. ग्रोटो पॉइंटजवळ आदिवासींनी खडकात कोरलेली चित्रं आहेत, ती जरूर बघा. आणि डिसेंबर-जानेवारी म्हणजे तिथला भर उन्हाळा. टोपी, सनस्क्रीन हवंच.