मुलाला टाइप वन मधुमेह असेल का? कुठली रक्ततपासणी आधी, कुठली नंतर

गेल्या पावसाळ्यात कवठेमहांकाळकडचं एक जोडपं नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन सांगलीत आमच्या लॅबमध्ये आलं. कागदावर नुसत्या अँटिबॉडीच्या तपासण्या. रिपोर्ट बाहेरून येणार, म्हणजे चार-पाच दिवस. आई बोलता बोलता म्हणाली, "ताई, पोरगी परत अंथरुणात लघवी करतीय, आणि तिथं मुंग्या लागतायत." मी आधी तिचं बोट टोचलं. ग्लुकोमीटरवर आकडा आलाच नाही, नुसतं 'हाय', म्हणजे शुगर मशीनच्या मापाच्याही वर. तशीच रिक्षात बसवून त्यांना मिरजेला दवाखान्यात धाडलं.

म्हणून सांगते, सारखी तहान, सारखी लघवी, खाऊनही वजन उतरणं असं दिसलं तर शुगर त्याच दिवशी तपासा. उपाशीपोटी यायचं म्हणून उद्यावर टाकू नका. अशी लक्षणं असताना केव्हाही घेतलेली शुगर 200 किंवा वर आली की मधुमेहाचं निदान झालं. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास असेल तर लॅबकडे येऊच नका, थेट दवाखाना गाठा. एचबीएवनसी 6.5 च्या खाली आली म्हणून निर्धास्त होऊ नका. ती रक्तातल्या शुगरची तीन महिन्यांची सरासरी असते, आणि मुलांत हा आजार काही आठवड्यांत उफाळतो.

अँटिबॉडी त्यानंतर. शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटल्याची ती खूण. गॅड, आयए-2, झिंक ट्रान्सपोर्टर-8 आणि इन्सुलिनविरोधी, अशा चार बघतात. यातली शेवटची इन्सुलिन सुरू होण्याआधीच, फार तर पहिल्या काही दिवसांत घ्यावी लागते, कारण टोचलेल्या इन्सुलिनविरुद्धही शरीर अँटिबॉडी तयार करतं. पण नमुन्यासाठी इंजेक्शन थांबवायचं नाही, राहिली तर राहू दे. बाकीच्या तीन नंतरही चालतात. आणि सगळ्या निगेटिव्ह आल्या तरी टाइप वन नाही असं ठरत नाही, काही रुग्णांत त्या सापडतच नाहीत.

सी-पेप्टाइडबद्दल लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा तेवढंच सी-पेप्टाइड सुटतं. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. म्हणजे इंजेक्शन चालू असतानाही स्वतःचं इन्सुलिन किती उरलंय ते यावरून कळतं. सोबत त्याच वेळची शुगर हवीच. शुगर खाली असेल तर सी-पेप्टाइडही खाली येतं आणि उगाच घाबरायला होतं. सुरुवातीच्या महिन्यांत ते बरं दिसू शकतं, त्यावरून इन्सुलिन बंद करू नका. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा, काही मशीनवर त्यानं आकडा चुकतो.

दिवाळीनंतर तेच जोडपं धाकट्याला घेऊन आलं. त्याला काहीच त्रास नव्हता. सख्ख्या भावंडांना धोका जास्त, म्हणून डॉक्टरांनी अँटिबॉडी सांगितल्या होत्या. दोन किंवा जास्त पॉझिटिव्ह आल्या तर शुगर नॉर्मल असली तरी आजाराची पहिली पायरी धरतात. अशा मुलांपैकी सुमारे 70 टक्के मुलांना 10 वर्षांत मधुमेह होतो. त्याची एकच आली. ती नव्या नमुन्यात पुन्हा तपासायची असते. "गोड जास्त दिलं का मी?" आईनं विचारलं. नाही हो वहिनी, गोडानं हा आजार होत नाही, मी तिचा हात धरून सांगितलं. दुसरा नमुना पुढच्या महिन्यात घ्यायचाय. तोवर घरात कुणी जास्त पाणी मागितलं की ती ग्लुकोमीटर काढते.